स्मार्ट शहरातील डेटाचे व्यवस्थापन आणि आदानप्रदान : नाशिक–त्र्यंबकेश्वर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गोदावरीला आलेल्या पुराची पातळी नाशिककर कोणत्याही यंत्राशिवाय सांगू शकतात. पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले की छातीला लागले, एवढे समजले म्हणजे पंचवटीतील दुकानदारापासून भांडीबाजारातील व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आपण काय आवरावयाचे हे कळते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांतील मोठे पूर गावाच्या स्मरणात याच मापाने नोंदले गेले आहेत. या मापकाचे तीन गुण लक्षात घेण्याजोगे आहेत. तो सर्वांना दिसतो, त्याचा अर्थ सर्वांसाठी एकच असतो आणि तो पाहण्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नसते. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पाणी येऊन पोहोचल्यानंतरच तो बोलतो.

पाणी येण्यापूर्वी ते कळावयाचे असेल तर त्र्यंबकच्या डोंगरात पडलेला पाऊस, धरणातील साठा, दरवाजांतून सोडलेला विसर्ग आणि शहरातील नाल्यांचा प्रवाह या सर्वांची एकत्रित माहिती हाती असावी लागते. ही माहिती गोळा होत नाही असे नाही. ती निरनिराळ्या खात्यांकडे, निरनिराळ्या स्वरूपात गोळा होते. स्मार्ट शहर या संकल्पनेपुढील खरी समस्या येथे आहे.

केंद्र शासनाने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू केले. त्यात देशातील १०० शहरांची निवड झाली. महाराष्ट्रातून पुणे, सोलापूर, नाशिक, नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, तत्कालीन औरंगाबाद आणि पिंपरी-चिंचवड या आठ शहरांचा समावेश झाला. नाशिकची निवड सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झाली. ३१ मार्च २०२५ रोजी अभियानाची मुदत संपली. या काळात सर्व १०० शहरांत एकात्मिक नियंत्रण केंद्रे उभी राहिली. कॅमेरे, संवेदके आणि संगणकीय प्रणाली बसल्या. या प्रणाली एकमेकींना काय सांगू शकतात आणि त्यासाठी कोणती व्यवस्था लागते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यंत्रांना यंत्रे जोडणे हे तुलनेने सोपे काम असून डेटाचा अर्थ, त्यावरील अधिकार आणि त्याची जबाबदारी यांची जोडणी करणे हेच खरे व्यवस्थापन होय, अशी या लेखाची भूमिका आहे.

डेटा आणि माहिती

डेटा आणि माहिती हे शब्द आपण पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरतो. शास्त्रीय विवेचनात त्यांतील भेद जपावा लागतो. एखाद्या नोंदवहीत '६५' असा आकडा आहे. हा डेटा झाला. तो पावसाचा आहे, मिलिमीटरमध्ये आहे, अमुक केंद्रावरील आहे आणि सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे, एवढे समजले म्हणजे त्याची माहिती होते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार ६४.५ मिलिमीटर व त्याहून अधिक पाऊस 'जोरदार' या वर्गात येतो, हे ठाऊक असेल तर त्या माहितीवरून निर्णय घेता येतो.

आकड्याभोवतीच्या या तपशिलाला मेटाडेटा, म्हणजे डेटाविषयीचा डेटा, असे म्हणतात. एका कार्यालयात बसलेल्या माणसांना हा तपशील तोंडपाठ असतो. म्हणून तो लिहिला जात नाही. आकडा त्या कार्यालयाबाहेर पडला की तो तपशील मागे राहतो आणि दुसऱ्या खात्याच्या हाती केवळ '६५' पडतो. डेटाच्या आदानप्रदानातील बहुतेक चुकांचे मूळ या मागे राहिलेल्या तपशिलात असते.

गोदावरीच्या पाण्याची साखळी

ही बाब नाशिकच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी त्र्यंबक तालुक्यातून वाहत येऊन नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूर धरणात येते. पावसाची नोंद महसूल मंडळनिहाय होते. महावेध प्रकल्पातून राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसविण्यात आली आणि हा प्रकल्प कृषी विभागाचा आहे. धरणातील साठा आणि विसर्ग हा जलसंपदा विभागाचा विषय आहे. विसर्ग सुरू झाल्यानंतर रामकुंडापर्यंतच्या प्रवाहात धरणाखालील पाणलोटाचे आणि शहरातील नाल्यांचे पाणी मिसळते. नाले महानगरपालिकेकडे आहेत. घाटावरील माणसे हलविण्याचे काम पोलीस व अग्निशमन दलाकडे असते, तर आपत्ती व्यवस्थापनाची एकंदर जबाबदारी जिल्हा प्रशासनाकडे जाते.

पावसाळ्यात वृत्तपत्रांतून दोन आकडे नित्य वाचावयास मिळतात : गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग आणि होळकर पुलाखालून वाहणारा विसर्ग. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा असला, तर मधला फरक धरणाखालच्या पाण्याचा असतो. हे दोन आकडे एकाच क्षणी, एकाच पडद्यावर, त्र्यंबकमधील पावसाच्या ताज्या नोंदीसह दिसले तर घाट रिकामा करण्यास काही मौल्यवान वेळ अधिक मिळतो. ते दूरध्वनीवरून, एकामागून एक आणि विचारल्यावरच मिळाले तर तो वेळ विचारपूस करण्यात जातो. दोन्ही वेळी डेटा तोच असतो. फरक केवळ त्याच्या प्रवासात असतो.

आदानप्रदानातील अडथळे

पहिला अडथळा परिमाणांचा आहे. आपल्याकडे विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटात, सांगण्याची प्रथा आहे. शास्त्रीय लेखनात क्युमेक, म्हणजे सेकंदाला घनमीटर, हे परिमाण येते. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. एखाद्या तक्त्यात परिमाण न लिहिता केवळ '३००' असा विसर्ग नोंदला असेल आणि तो क्युसेक समजला गेला, तर नदी शांत आहे असे वाटेल. प्रत्यक्षात तो क्युमेकमध्ये असेल तर तो सुमारे १०,६०० क्युसेक होतो. एवढ्या पाण्याने गोदाघाटावर धावपळ उडते. अशी चूक प्रगत संस्थांच्या हातूनही घडते. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचे मंगळाकडे पाठविलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झाले. एका गटाने बलाचे आकडे ब्रिटिश परिमाणांत दिले होते आणि दुसऱ्या गटाच्या प्रणालीने ते मेट्रिक समजून वापरले होते.

दुसरा अडथळा नावांचा आहे. 'हरसूल' हे नाव घ्या. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल निराळे आणि तलाव व मध्यवर्ती कारागृहामुळे परिचित असलेले छत्रपती संभाजीनगरचे हरसूल निराळे. रोमन लिपीत तेच नाव दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. तालुक्याचे नावही कोठे त्र्यंबक, कोठे त्र्यंबकेश्वर, तर कोठे ट्रिंबक असे आढळते. माणूस संदर्भावरून अर्थ लावतो, संगणक तसे करीत नाही. त्याच्या दृष्टीने ती वेगळी गावे ठरतात किंवा दोन वेगळी गावे एक होतात. शिवाय नावे बदलतात. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा जुन्या व नव्या नोंदी जोडण्याचा प्रश्न निर्माण झाला. यावरचा उपाय म्हणजे नावाऐवजी स्थिर सांकेतांक वापरणे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्हा, तालुका, गाव व ग्रामपंचायतीला असा सांकेतांक दिलेला आहे. प्रत्येक तक्त्यात नावाशेजारी तो लिहिण्याची सवय लागली तरी निम्मे काम सोपे होईल.

तिसरा अडथळा काळाचा आहे. एका खात्याचा आकडा दर पंधरा मिनिटांनी येतो, दुसऱ्याचा दिवसातून एकदा आणि तिसऱ्याचा महिन्याच्या अखेरीस. कोणता आकडा किती वाजताचा आहे हे त्याच्यासोबत नसेल तर कालचा पाऊस आणि आजचा विसर्ग एकाच ओळीत बसतात आणि वाचणाऱ्याची फसगत होते.

चौथा अडथळा तांत्रिक नसून संस्थात्मक आहे. पुष्कळदा प्रणाली उभारण्याचे काम कंत्राटाने दिले जाते. निर्माण होणाऱ्या डेटाची मालकी कोणाची, तो कोणत्या स्वरूपात द्यावयाचा आणि कंत्राट संपल्यावर तो कसा हस्तांतरित करावयाचा, या अटी करारात नसतील तर डेटा पुरवठादाराच्या साच्यात अडकून पडतो. त्याखेरीज आपले आकडे दुसऱ्याला दिले तर आपल्या उणिवा दिसतील, ही भीतीही प्रत्येक कार्यालयात असते. ती दूर करणारी कोणतीही संगणक प्रणाली उपलब्ध नाही.

आदानप्रदानाच्या पद्धती

प्रणाली जोडण्याची सर्वांत सरळ पद्धत म्हणजे प्रत्येकीला प्रत्येकीशी जोडणे. गणिताच्या प्राध्यापकांना तिची अडचण तत्काळ लक्षात येईल. दहा प्रणाली असतील तर ४५ जोडण्या लागतात, वीस असतील तर १९०. एक प्रणाली बदलली की तिच्याशी जोडलेल्या सर्वांत दुरुस्ती करावी लागते. दुसरी पद्धत म्हणजे सर्व डेटा एका मोठ्या कोठारात आणून ठेवणे. ती सोपी वाटते. तथापि मूळ खात्याने केलेली दुरुस्ती कोठारात पोहोचत नाही, आणि कोठारावर आघात झाला तर सर्वांचेच नुकसान होते.

तिसरी पद्धत विनिमय केंद्राची आहे. डेटा ज्याचा त्याच्याकडेच राहतो. केंद्र केवळ कोणाकडे काय आहे हे सांगते, मागणाऱ्याची ओळख व अधिकार तपासते आणि ठरलेल्या साच्यात देवाणघेवाण घडवून आणते. ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेशी याची तुलना करता येईल. पुस्तके आपापल्या ग्रंथालयात राहतात, तालिका मात्र सर्वांना खुली असते. एस्टोनिया या छोट्या देशाने २००१ पासून 'एक्स-रोड' नावाने अशी व्यवस्था शासकीय कामकाजात आणली. नागरिकाने एकदा दिलेली माहिती शासनाच्या दुसऱ्या खात्याने त्याला पुन्हा विचारू नये, हे तत्त्व तेथे रुजले.

भारतात केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने 'इंडिया अर्बन डेटा एक्स्चेंज' हा उपक्रम हाती घेतला. प्रारंभीच्या शहरांत पुण्याचा समावेश होता. या व्यवस्थेचे तीन मुख्य भाग आहेत. कोणता डेटा कोठे आहे हे सांगणारी तालिका हा पहिला, कोणाला काय पाहता येईल हे ठरविणारा अधिकृतीकरणाचा सेवक-संगणक हा दुसरा आणि प्रत्यक्ष डेटा पुरविणारा सेवक-संगणक हा तिसरा. भारतीय मानक ब्यूरोने या प्रकारच्या विनिमयासाठी 'आयएस १८००३' हे मानक सिद्ध केले असून त्याचा रचनेविषयीचा पहिला भाग २०२० चा आहे.

समान साचा ठरला की किती साध्य होते याचे उदाहरण सार्वजनिक बससेवेत सापडते. २००५ च्या सुमारास अमेरिकेतील पोर्टलंड शहराची परिवहन संस्था आणि गूगल यांनी बसचे थांबे, मार्ग व वेळा लिहिण्याचा एक साधा साचा तयार केला. स्वल्पविरामांनी विभागलेल्या काही मजकूर-फायली, एवढेच त्याचे स्वरूप होते. पुढे जगभरच्या परिवहन संस्थांनी तो स्वीकारला. आपल्या परिसरातील प्रश्न अगदी तसाच आहे. हरसूलहून नाशिकला येणारा विद्यार्थी राज्य परिवहन महामंडळाच्या बसने येतो आणि शहरात उतरून जुलै २०२१ मध्ये सुरू झालेली महापालिकेची सिटीलिंक बस धरतो. दोन्ही सेवांच्या वेळा एका साच्यात आणि एका ठिकाणी असतील, तर कोणती एसटी धरली असता पहिला तास चुकणार नाही हे त्याला घरबसल्या कळेल. त्यासाठी एकही नवी बस घ्यावी लागणार नाही.

वैयक्तिक डेटा आणि नागरिकांचा विश्वास

सर्व डेटा खुला असावा असे म्हणणे जितके चूक, तितकेच सर्व डेटा गोपनीय असावा असे म्हणणेही चूक आहे. धरणाचा विसर्ग, बसची वेळ, हवेची गुणवत्ता यांत कोणाही व्यक्तीची ओळख नसते. असा डेटा खुला असणे हाच नियम असावा. २०१२ च्या राष्ट्रीय डेटा सहभाग व उपलब्धता धोरणाचा रोख असाच आहे. रुग्णाची नोंद, वाहनाचा क्रमांक, कॅमेऱ्यातील चेहरा यांची गोष्ट वेगळी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये पर्वणीच्या दिवशी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांनी प्राण गमावले. गर्दी कोठे किती दाटली आहे हे वेळेवर कळणे हा येथे जीवनमरणाचा प्रश्न असतो. तथापि गर्दी मोजण्यासाठी माणूस ओळखण्याची गरज नाही. २०१५ च्या कुंभमेळ्यात नाशिकच्या तरुणांनी पावलांचा दाब मोजणाऱ्या चटईचा प्रयोग केला. तिच्यावरून किती माणसे गेली हे कळते, कोण गेले हे कळत नाही. हेतूला पुरेल तेवढाच डेटा घ्यावा, या तत्त्वाचे इतके सुबोध उदाहरण क्वचित सापडेल. याउलट हरवलेल्या व्यक्तीच्या शोधासाठी छायाचित्र व नाव लागतेच. अशा वेळी ते कोणाकडे राहील आणि काम झाल्यावर केव्हा नष्ट केले जाईल, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

कुंभमेळ्यात दोन क्षेत्रे आणि अनेक यंत्रणा असतात. नाशिकमध्ये महानगरपालिका व शहर पोलीस आयुक्तालय, त्र्यंबकेश्वरमध्ये नगरपरिषद व ग्रामीण पोलीस, आणि दोहोंच्या मधला रस्ता. एका ठिकाणची गर्दी काही तासांत दुसऱ्या ठिकाणी पोहोचते. तिच्याविषयीचा डेटा मात्र हद्दीवर थांबू शकतो. २०२७ च्या पर्वण्यांसाठी २०२५ मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरणाची तरतूद झाली, ती या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

लोकांचा विश्वास नसेल तर उत्तम तंत्रज्ञानही टिकत नाही. कॅनडातील टोरांटो शहरात २०१७ मध्ये 'साइडवॉक लॅब्ज' या कंपनीने डेटाधिष्ठित वसाहतीचा मोठा प्रकल्प मांडला. डेटाची मालकी व खासगीपणा यांवरून दीर्घकाळ वाद चालला. मे २०२० मध्ये आर्थिक अनिश्चिततेचे कारण देऊन कंपनीने प्रकल्प सोडला. मात्र वसाहतीतील डेटावर कोणाचा अधिकार, हा प्रश्न तोपर्यंत सर्वतोमुखी झाला होता.

शहराची सीमा आणि हरसूल

हरसूल हे स्मार्ट शहर नाही. मग येथील प्राध्यापकांनी या विषयाकडे का पाहावे, असा प्रश्न संभवतो. त्याचे उत्तर भूगोलात आहे. शहराचे पाणी तालुक्यातून येते. शहराच्या बाजारात जाणारा माल, रुग्णालयात जाणारा रुग्ण आणि महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी तालुक्यातून जातो. शहर ज्या डेटावर चालते त्याचा मोठा भाग शहराबाहेर निर्माण होतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यापलीकडील हरसूल परिसराचे पाणी पश्चिमेस दमणगंगेच्या खोऱ्यात उतरते. हे खोरे पुढे गुजरातमध्ये व दमणमध्ये जाते. म्हणजे येथील पावसाची नोंद राज्याच्या सीमेपलीकडेही कोणाच्या तरी उपयोगाची आहे. महापालिकेची हद्द नकाशावर असते. पाऊस, रोग आणि वाहतूक यांना ती ठाऊक नसते. म्हणून डेटाचे नियोजन नगराच्या हद्दीपुरते न करता खोऱ्याच्या आणि दळणवळणाच्या क्षेत्रानुसार करणे आवश्यक आहे.

आणखी एक बाजू न्यायाची आहे. ज्या भागातून डेटा शहराकडे जातो, त्या भागाकडे त्याचे फलित परत यावयास हवे. आदिवासी पाड्यावरील पावसाची नोंद शहराला पूर टाळण्यास साहाय्य करीत असेल, तर त्याच नोंदीच्या आधारे भाताच्या आवणीचा सल्ला आणि दरड कोसळण्याची पूर्वसूचना पाड्याला त्याच्या बोलीत मिळावी. अन्यथा आदानप्रदान या शब्दातील 'प्रदान' तेवढे उरेल.

महाविद्यालयांना करता येण्याजोगे कार्य

या क्षेत्रात महाविद्यालये प्रेक्षक राहू नयेत. भूगोल विभाग पर्जन्यमापकाची दैनंदिन नोंद ठेवू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेची ग्रामसर्वेक्षणे दरवर्षी होतात. त्यांच्या तक्त्यांत गावाचा सांकेतांक, सर्वेक्षणाचा दिनांक, परिमाणे आणि प्रश्नांचा नेमका शब्दप्रयोग नोंदला गेला तर दहा वर्षांनी ती सर्वेक्षणे एकमेकांशी ताडून पाहता येतील. आज ती बहुधा अहवालाच्या कपाटात वेगवेगळी पडून असतात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काल्पनिक उदाहरणांऐवजी धरणाचा विसर्ग व पाऊस यांतील कालांतर शोधण्याचा प्रकल्प देता येईल. मराठी विभागाचे कार्यही कमी महत्त्वाचे नाही. प्रत्येक स्तंभाला अर्थवाही, सर्वमान्य मराठी नाव मिळाले नाही, तर खुला केलेला डेटाही सामान्य वाचकाला बंदच राहतो. वैयक्तिक तपशील वगळून मगच सर्वेक्षण खुले करावयाचे, हा संस्कारही येथेच व्हावयास हवा.

समारोप

स्मार्ट सिटी अभियानाची मुदत संपली. कॅमेरे, संवेदके आणि नियंत्रण केंद्रे मागे राहिली. यंत्रे जुनी होतील, कंत्राटे बदलतील. टिकावयाचा आहे तो डेटा आणि त्याविषयीचे परस्परांतील करार. कोणता आकडा कोण देईल, कोणत्या परिमाणात, किती वेळाने, कोणाला आणि कोणत्या मर्यादेत, या प्रश्नांची उत्तरे लेखी ठरली पाहिजेत. ती ठरविण्यासाठी मोठा निधी लागत नाही. एका मेजाभोवती बसण्याची तयारी लागते.

दुतोंड्या मारुतीचे मापन शतकाचा ज्ञानव्यवहार वाटत नसले, तरी डेटाच्या आदानप्रदानाची तीन तत्त्वे त्यात अनुस्यूत आहेत : सर्वांना दिसणे, एकच अर्थ असणे आणि खुले असणे. त्यांत चौथे तत्त्व जोडावयाचे आहे, ते म्हणजे वेळेआधी कळणे. त्र्यंबकच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा अर्थ पंचवटीच्या घाटावर पाणी चढण्यापूर्वी पोहोचला, तरच नाशिकच्या नावामागे लावलेले 'स्मार्ट' हे विशेषण सार्थ ठरेल.